फाइन: चोख, बारीक, बरं आणि दंड

बेळगावात शहापूरच्या सराफ गल्लीत कारागिराच्या हिशेबाच्या वहीत ‘फाइन’ नावाचा एक रकाना असतो. उद्यमबागेतल्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, वाळूच्या रिपोर्टवर ‘फाइननेस नंबर’ असतो. वडगाव-खासबागच्या विणकराला ‘फाइन’ सूत हवं असतं, गिलाव्याला ‘फाइन’ वाळू लागते, आणि हेल्मेट घरी राहिलं की चौकात ‘फाइन’ पडतो. बेळगावात हा शब्द मराठी, कन्नड, हिंदी कुठल्याही वाक्यात न अडखळता बसतो. त्यामुळे त्याचा अर्थ समोरच्याला ठाऊक आहे असं सगळेच धरून चालतात. घोटाळा होतो तो इथेच. सराफाचा फाइन शुद्धतेचा, फौंड्रीचा दाण्याचा, विणकराचा जाडीचा. त्यात प्रत्येक धंद्याने या फाइनला आकड्यात मोजायची आपापली रीत काढली आहे, आणि काही ठिकाणी आकडा वाढला की माल बारीक होतो, तर काही ठिकाणी आकडा वाढला की माल जाड होतो.

शब्द मूळचा लॅटिन. ‘फिनिस’ म्हणजे शेवट, हद्द, शीव. शेताचा बांध जिथे संपतो तो फिनिस. त्याचंच अनेकवचन एखाद्या राज्याच्या मुलखाला वापरायचे, कारण मुलूख म्हणजे चार सीमांच्या आतलं. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हे मूळ वेगळं समजावून सांगायची गरज नाही. ‘कन्फाइन’ म्हणजे हद्दीत कोंडणं, ‘डिफाइन’ म्हणजे हद्द आखून देणं, ‘फायनल’ आणि ‘फिनिश’ म्हणजे शेवट. ‘ॲफिनिस’ म्हणजे ज्याची हद्द आपल्या हद्दीला लागून आहे तो शेजारी, आणि पुढे लग्नसंबंधाने जोडलेला सोयरा, त्यावरून ‘ॲफिनिटी’. पॅराफिन मेणसुद्धा याच घरातलं. रायखेनबाख या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८३० साली हा मेणकट पदार्थ वेगळा काढला. तो कशाशीच सहसा रासायनिक संयोग करत नाही असं दिसलं, म्हणून लॅटिनमधलं ‘पारुम’ म्हणजे फार थोडं आणि ‘ॲफिनिस’ म्हणजे जवळीक असलेला, असं मिळून नाव पडलं. सोयरीक न जमणारा पदार्थ!

आता ‘शेवट’ या नामाचं ‘उत्तम’ हे विशेषण कसं झालं? लॅटिनमध्येच ‘फिनिस’ला परमावधी, शिखर असाही अर्थ होता. ज्याच्या पुढे करायला काही उरलं नाही, जे शेवटापर्यंत नेलं, ते ‘फिन’. जुन्या फ्रेंचमध्ये हे विशेषण रुळलं आणि तेराव्या शतकात इंग्रजीत आलं. तेव्हा त्याचा उच्चार ‘फीन’ असा होता. पंधराव्या ते सतराव्या शतकांत इंग्रजीतले दीर्घ स्वर सरकले, ‘ई’चा ‘आइ’ झाला आणि ‘फीन’चा ‘फाइन’. ‘फिनिश’मधला स्वर ऱ्हस्व होता, तो आहे तिथेच राहिला. म्हणून फिनिश आणि फाइन सख्खे असूनही कानाला वेगळे लागतात. गोव्याच्या बाजूला पोर्तुगीजचा ‘फिनो’ ऐकू येतो, तोही हाच.

‘शेवटापर्यंत नेलेलं’ एवढी एक किल्ली हातात ठेवली की बाकीचे अर्थ उघडतात. धातू मळी संपेपर्यंत आटवला की चोख होतो. सूत आणखी ओढता येणार नाही इतकं ओढलं की तलम होतं. दाणा दळत नेला की बारीक होतो, धार लावत नेली की तीक्ष्ण होते. मराठीत या प्रत्येकाला स्वतंत्र शब्द आहे: चोख, तलम, बारीक, तीक्ष्ण, नाजूक, उत्तम, बरं. म्हणून ‘फाइन’ला एकच मराठी शब्द शोधणं फुकट आहे; आधी धंदा विचारायचा, मग शब्द निवडायचा. कन्नडातही तसंच. शुद्धाला ‘चोक्क’, दाण्याने बारीक असेल तर ‘सण्ण’, हाताला गुळगुळीत लागत असेल तर ‘नुण्णगे’. आपलं चोख सोनं आणि त्यांचं चोक्क बंगार ही एकाच संस्कृत ‘चोक्ष’ची लेकरं.

सोन्यापासून सुरुवात करू, कारण तिथे शब्द मुळाच्या सगळ्यात जवळ राहिला आहे. फाइननेस म्हणजे हजार भागांत चोख सोनं किती भाग. २२ कॅरेट म्हणजे २४ पैकी २२, भागाकार ०.९१६६, म्हणून ९१६. १८ कॅरेटचे ७५०, २० कॅरेटचे ८३३. १४ कॅरेटचे हिशेबाने ५८३ यायला हवेत, पण हॉलमार्कवर ५८५ असतं. आंतरराष्ट्रीय प्रघात ५८५चा आहे, तोच आपल्या मानकाने घेतला. म्हणजे १४ कॅरेटच्या दागिन्यावर ५८५ दिसलं तर त्यात खोट काही नाही.

कारागिराच्या वहीतला फाइन मात्र वजन असतो, प्रमाण नव्हे. २३.४०० ग्रॅमचा ९१६चा दागिना असेल तर फाइन वजन २३.४०० × ०.९१६ = २१.४३४ ग्रॅम. सराफ कारागिराला चोख सोनं देतो आणि दागिना परत घेतो, तेव्हा जमाखर्च या फाइन ग्रॅममध्ये चालतो. त्यात घट धरायची असते. ३ टक्के घट ठरली असेल तर ९१.६ अधिक ३ म्हणजे ९४.६ टक्क्यांनी गुणायचं: २२.१३६ ग्रॅम फाइन कारागिराच्या नावे जमा. चूक बहुतेक वेळा गुणाकारात नसते, वजनात असते. खडे, लाख, मीना, रेशमाचा गोफ यांच्यासकट केलेलं वजन चुकून धरलं की फाइन फुगतो. आधी निव्वळ वजन काढायचं, मगच गुणायचं. दुसरी जागा डाखाची, म्हणजे सांधे जोडणाऱ्या धातूची. बारीक साखळीत सांधे शेकड्याने असतात आणि डाख कमी कसाचा वापरला असेल तर पत्रा ९१६चा असूनही अख्खा दागिना आटवल्यावर ९१०च्या खाली येऊ शकतो.

कस बघायच्या तीन रीती. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून आम्लाने बघणं ही अंदाजाची. एक्स-रे मशीनवर ठेवणं ही झटपट. पण ते मशीन वरचा काही मायक्रॉनचा थरच वाचतं, त्यामुळे जाड मुलामा दिलेला दागिना त्याला फसवू शकतो. खरी तपासणी भट्टीची. सोन्याचा तुकडा त्याच्या साधारण अडीच पट चांदीबरोबर शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि हाडांच्या राखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या सच्छिद्र वाटीत १००० अंशांच्या वर तापवतात. शिसं जळून ऑक्साइड होतं, तांबं-जस्त बरोबर घेऊन वाटीत मुरतं, आणि सोन्या-चांदीचा मणी उरतो. मग नायट्रिक आम्लात चांदी विरघळवायची. जे शेवटी उरतं ते फाइन. चांदी कमी घातली तर आम्ल आतपर्यंत पोचत नाही, चांदी अडकून राहते आणि कस खोटा जास्त दिसतो. फार जास्त घातली तर सोन्याचा भुगा होतो आणि वजन करताना हातचं जातं. ग्राहकाला एवढं करायचं नसतं. १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, सक्तीचा आहे. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की फाइननेस आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. बांगडीचा नंबर टाकून अंगठी दिसली तर दुकानातून बाहेर पडायचं.

इथपर्यंत आकडा मोठा म्हणजे माल जास्त फाइन, हे सरळ होतं. फौंड्रीतही तसंच आहे, फक्त फाइनचा अर्थ बदलतो. उद्यमबाग, मच्छेकडच्या कास्टिंगवाल्यांच्या रिपोर्टवर असतो तो एएफएस (अमेरिकन फौंड्री सोसायटी) ग्रेन फाइननेस नंबर. वाळूची शुद्धता त्यात अजिबात नाही. वाळूचा सरासरी दाणा किती बारीक, एवढंच आहे. काढायची रीत अशी. ५० ग्रॅम वाळू १०५ ते ११० अंशांवर कोरडी करायची. मग धुऊन चिकणमाती काढायची: ४७५ मिलिलिटर पाणी आणि २५ मिलिलिटर सौम्य कॉस्टिक सोडा घालून पाच मिनिटं ढवळायचं, दीडशे मिलिमीटर उंचीपर्यंत पाणी भरायचं, दहा मिनिटं थांबून वरचं सव्वाशे मिलिमीटर पाणी सायफनने काढून टाकायचं. हे पुन्हा करायचं, आणि तिसऱ्या खेपेपासून पाच मिनिटंच थांबून, पाणी नितळ येईपर्यंत. उरलेली वाळू वाळवून वजन केलं की जी तूट येते ती एएफएस क्ले, म्हणजे २० मायक्रॉनच्या खालचं सगळं.

धुतलेली वाळू चाळण्यांच्या उतरंडीत १५ मिनिटं हलवायची. चाळण्या ६, १२, २०, ३०, ४०, ५०, ७०, १००, १४०, २००, २७० आणि खाली थाळी. चाळणीचा नंबर म्हणजे ढोबळमानाने एका इंचात किती भोकं. प्रत्येक चाळणीवर अडकलेल्या वजनाला तिच्या वरच्या चाळणीच्या आसपासच्या आकड्याने गुणायचं, कारण ७०वर अडकलेला दाणा ५०मधून खाली आला आहे हे नक्की. ३०वर राहिलेल्याला २०, ४०ला ३०, ५०ला ४०, ७०ला ५०, १००ला ७०, १४०ला १००, २००ला १४०, २७०ला २००, आणि थाळीतल्याला ३००.

उदाहरण घेऊ. ५० ग्रॅममधून ५ ग्रॅम क्ले गेली, ४५ उरली. ३०वर १ ग्रॅम, ४०वर ४, ५०वर ११, ७०वर १५, १००वर १०, १४०वर ३, २००वर ०.७, २७०वर ०.२, थाळीत ०.१. गुणाकार अनुक्रमे २०, १२०, ४४०, ७५०, ७००, ३००, ९८, ४०, ३०. बेरीज २४९८, भागिले ४५, उत्तर ५५.५. बिडाच्या ग्रीन सँडला, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूला, हा नंबर नेहमीच्या पट्ट्यातला आहे.

भागताना ५०ने भागणारे भेटतात. उत्तर ५० येतं, वाळू आहे त्यापेक्षा जाड दिसते, आणि कुणीतरी आणखी बारीक नवी वाळू मारायला सांगतो. त्याचे भोग कास्टिंगला भोगावे लागतात. दाणा बारीक झाला की पृष्ठभाग गुळगुळीत येतो हे खरं, पण दाण्यांमधल्या फटी अरुंद होतात, साच्यातला वायू बाहेर पडत नाही आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूची भोकं, धरतात. दाण्याचं एकूण क्षेत्रफळ वाढल्यामुळे बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी चिकणमाती) आणि पाणी जास्त लागतं. पाणी वाढलं की वाफ वाढते. उलट दाणा जाड झाला तर वितळलेलं बीड फटीत शिरतं, खरखरीत खपली धरते आणि कास्टिंग घासून साफ करणारा फेटलिंगवाला शिव्या देतो.

एवढं सगळं करूनही हा नंबर अर्धीच गोष्ट सांगतो. सगळी वाळू लागोपाठच्या दोनच चाळण्यांवर अडकली तरी ५५ येऊ शकतो, आणि चार चाळण्यांवर पसरली तरी ५५. पहिली वाळू धोक्याची. क्वार्ट्झ ५७३ अंशांला एकदम फुगतो. जवळजवळ एकाच आकाराचे दाणे एकाच वेळी फुगले तर साच्याचा वरचा थर उचलला जातो आणि कास्टिंगवर स्कॅब, म्हणजे खडबडीत पापुद्रा, येते. म्हणून नंबर बघितल्यावर खालचा तक्ता बघायचा: लागोपाठच्या तीन-चार चाळण्यांवर प्रत्येकी १० टक्क्यांच्या वर वाळू असावी. सरासरीला भुलू नये, हा नियम वाळूला जास्तच लागू आहे.

आता याच शब्दाने बांधकामावर पलटी मारलेली बघा. काँक्रीटमध्ये ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून जाते ती सगळी ‘फाइन ॲग्रिगेट’. म्हणजे भातासारखा जाड दाणा असला तरी कागदोपत्री फाइनच. तिची बारकाई मोजतात ‘फाइननेस मॉड्युलस’ने, शिकागोच्या डफ एब्रम्स यांनी १९१८च्या सुमारास ही रीत मांडली. चाळण्या ४.७५, २.३६, १.१८ मिलिमीटर, मग ६००, ३००, १५० मायक्रॉन. प्रत्येकीवर आणि तिच्या वर मिळून एकूण किती टक्के अडकली ते मांडायचं, बेरीज करायची, १००ने भागायचं. समजा ४, १४, ३४, ५८, ८२, ९६ आले. बेरीज २८८, मॉड्युलस २.८८. जास्त वाळू वर अडकली की बेरीज मोठी. त्यामुळे इथे फाइननेसचा आकडा जितका मोठा तितकी वाळू जाड! २.२ ते २.६ बारीक, २.६ ते २.९ मध्यम, २.९ ते ३.२ जाड. फौंड्रीतून बांधकामाच्या मालाकडे वळलेला माणूस इथे हमखास उलटा अर्थ लावतो.

बेरजेत दोन चुका नेहमीच्या: एकूण टक्क्यांऐवजी त्या-त्या चाळणीवरचे सुटे टक्के मिळवणं (मग उत्तर नेहमी १च्या आसपास येतं, त्यावरून चूक पकडता येते), आणि थाळीतला माल मिळवणं. क्रशरची एम-सँड घेत असाल तर मॉड्युलसबरोबर ७५ मायक्रॉनच्या खालची भुकटी किती तेही विचारा. नैसर्गिक वाळूला ३ टक्के आणि क्रश सँडला १५ टक्क्यांपर्यंत मानकाची परवानगी आहे. नीट न धुतलेल्या एम-सँडमध्ये ही भुकटी जास्त निघते, पाणी पिते, आणि मेस्त्री काम सोपं व्हावं म्हणून आणखी पाणी ओततो. गिलाव्याला पडणाऱ्या जाळीदार भेगा बऱ्याचदा तिथल्या असतात.

सुताचंही दुटप्पी आहे, आणि तेही एकाच दुकानात. कॉटनचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात. ४०चं सूत पौंडाला ३३,६०० यार्ड, ८०चं ६७,२०० यार्ड. आकडा वाढला, सूत तलम झालं. रेशीम आणि पॉलिस्टर मात्र डेनियरमध्ये: ९,००० मीटरचं वजन किती ग्रॅम. आकडा वाढला, धागा जाड झाला. शहापूर-वडगावच्या मागांवर ताणा एका पद्धतीचा आणि बाणा दुसऱ्या पद्धतीचा येतो, तेव्हा तुलना करायला ५३१५ हा आकडा लक्षात ठेवायचा. ५३१५ला डेनियरने भागलं की कॉटन काउंट येतो. ७५ डेनियर म्हणजे जवळजवळ ७१चा काउंट. आणखी एक: लेबलवर २/८० असेल तर ८०चे दोन पदर पिळलेले आहेत, धाग्याची जाडी ४०च्या सुताएवढी. ८०चं समजून फणी निवडली तर कापड खच्चून बसतं आणि ताण्याचे धागे तुटत राहतात.

पंपाची मोटर गुंडाळणाऱ्यांच्या तारेचा गेज सुताच्या काउंटसारखाच: २२ गेज ०.७११ मिलिमीटर, ३० गेज ०.३१५. पॉलिश पेपरचंही तेच, ८० खरखरीत आणि ४०० बारीक.

एका पोत्यावर दोन फाइन बघायचे असतील तर साखरेचं पोतं उचला. जिल्ह्यात कारखान्यांची कमी नाही. ‘एम-३०’, ‘एस-३०’ यातलं अक्षर दाण्याचं आहे, एम मध्यम, एस लहान, आकडा रंगाचा. एस-३० दाण्याने बारीक आहे म्हणून ती जास्त शुद्ध होत नाही. ‘रिफाइंड’ हा वेगळाच मामला: कच्ची साखर पुन्हा विरघळवून, रंग काढून, पुन्हा स्फटिक करायची. रंगाच्या इकुम्सा मापात रिफाइंड ४५च्या खाली आणि आपली नेहमीची गंधकाने साफ केलेली पांढरी साखर साधारण १०० ते १५० असते. या मापात आकडा कमी तितकं चांगलं. मिठाईवाला ‘फाइन साखर द्या’ म्हणाला तर त्याला लवकर विरघळणारा दाणा हवाय की पाक काळा न पडणारी साखर हवीय, हे विचारल्याशिवाय पोतं काढू नये. रव्याच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही, कारण बेळगावच्या दुकानात बारीक रव्याला ‘चिरोटी रवा’ हे स्वतःचं नाव आहे.

वर्कशॉपमध्ये ‘फाइन थ्रेड’ म्हणजे जवळजवळचे आटे. एम-१०ला साधा पिच १.५, फाइन १.२५. फाइनमध्ये खोबण उथळ असल्याने बोल्टच्या गाभ्याला जास्त लोखंड राहतं आणि हादऱ्याने तो कमी सैल होतो. बिडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भोकात मात्र साधाच आटा घ्यावा. ठिसूळ किंवा मऊ धातूतले उथळ आटे खरवडून निघतात. दोन्ही बोल्ट एकाच डब्यात ठेवू नयेत. १.२५चा बोल्ट १.५च्या नटमध्ये दोन फेरे सुखाने जातो आणि मग अडकतो.

बोलण्यातल्या फाइनला चाळणी नाही, पण नियम आहे, आणि तो निर्यातीचे मेल लिहिणाऱ्या आपल्या पोरांनी पाठ करावा असा आहे. फाइन नामाच्या आधी आला तर कौतुक: ‘अ फाइन कास्टिंग’ म्हणजे देखणं, उत्तम काम. क्रियापदानंतर आला तर नुसतं ‘चालेल’: ‘द कास्टिंग इज फाइन’ म्हणजे पास आहे, हरकत नाही. दुसऱ्या वाक्यावर पार्टी द्यायची नसते. उत्तरात एकटाच ‘फाइन’ आणि पुढे पूर्णविराम आला तर समोरचा बहुधा वैतागलेला आहे. चहाचं विचारल्यावर ‘आय ॲम फाइन’ असं उत्तर आलं तर तो तब्येत सांगत नाही, ‘नको, बास’ म्हणतोय. कप भरू नये. आपल्याकडचं ‘बरं हाय की’ सुद्धा आवाजावर असंच चार दिशांना वळतं, म्हणून ही गोष्ट आपल्याला अवघड जाऊ नये.

क्रियाविशेषण करताना दोन रूपं आहेत. ‘मशीन वर्क्स फाइन’ बरोबर, कारण अर्थ ‘ठीक’. पण कांदा ‘फाइनली’ चिरायचा, कारण अर्थ ‘बारीक’. हा ‘फाइनली’ आणि शेवटी या अर्थाचा ‘फायनली’ लिहिताना आणि बोलताना वेगळे आहेत, जरी आजोबा एकच. ‘वन फाइन डे’मध्ये दिवस चांगला असायची अट नाही, ते आपलं ‘एके दिवशी’. ‘फाइन आर्ट’ बारीक कला नव्हे. अठराव्या शतकात फ्रेंच ‘बोझार’, म्हणजे सुंदर कला, याचा तो अनुवाद म्हणून रुळला, आणि मराठीने ‘ललित’ हा नेमका शब्द दिला. जुलैतल्या बेळगावात तर हा शब्द स्वतःशीच भांडतो: ‘फाइन रेन’ म्हणजे झिमझिम, आणि ‘फाइन वेदर’ म्हणजे उघडीप. क्रिकेटमधला फाइन कोनाचा आहे. फलंदाजाच्या मागे, दोन्ही यष्ट्यांना जोडणाऱ्या रेषेच्या जितकं जवळ तितकं फाइन, आणि काटकोनाकडे सरकलं की स्क्वेअर. फाइन लेगला उभा असलेला बारीकच असला पाहिजे असं नाही.

राहिला दंड. तो विशेषणातून आलेला नाही. त्याच लॅटिन ‘फिनिस’मधून दुसऱ्या वाटेने आलाय, आणि मुळात त्यात शिक्षा नव्हती. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘फिनिस’ म्हणजे वादाचा शेवट, तडजोड. इंग्लंडात जमीन विकायची असली की घेणारा देणाऱ्यावर ठरवून दावा लावायचा आणि मग दोघे कोर्टात तडजोड करायचे, म्हणजे व्यवहाराला कोर्टाचा शिक्का बसायचा. त्या कागदाची सुरुवातच ‘ही अंतिम तडजोड’ अशा लॅटिन शब्दांनी व्हायची. ११९५पासून एका चामड्यावर मजकूर तीनदा लिहू लागले: दोन प्रती शेजारी शेजारी आणि तिसरी खाली आडवी. मग नागमोडी कापायचे. वरच्या दोन पक्षकारांना, खालची, म्हणजे ‘पाय’, सरकारी खजिन्यात. उद्या कुणी खोटी प्रत आणली तर कापलेल्या कडा जुळवून बघायच्या. या तुकड्यांना ‘फीट ऑफ फाइन्स’ म्हणतात आणि ते आज लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. ही पद्धत १८३३च्या कायद्याने बंद झाली.

तडजोडीला परवानगी मिळावी म्हणून राजाला पैसे भरावे लागत. कुळाने जमीन कसायला घेताना मालकाला जी एकरकमी रक्कम द्यायची तीही फाइन. आपल्याकडचा नजराणा तो हाच. भांडण मिटवायला भरायची रक्कम, मग गुन्हा मिटवायला भरायची रक्कम, असं होत होत त्याला दंडाचा अर्थ चिकटला. ‘फायनान्स’ही त्याच वाटेचा, मूळ अर्थ देणं चुकतं करून मोकळं होणं.

नाम असल्यामुळे दंडाच्या फाइनचं अनेकवचन होतं, ‘फाइन्स’. विशेषणाचं होत नाही. अपवाद फौंड्रीचा आणि क्रशरचा: तिथे रिपोर्टवर ‘फाइन्स ४ टक्के’ असेल तर ती २०० नंबरच्या चाळणीच्या आसपास आणि खाली गेलेली भुकटी आहे, अकाउंट्सला पाठवायचा कागद नव्हे.